वीस हजारांवर बंद

२१ मार्च १९७९, बुधवार, सकाळी सात वाजता सत्यवतीने लोखंडी पेटी उघडली, नवऱ्याच्या घडी केलेल्या धोतराखालची बाटली काढली आणि दोन पांढऱ्या गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या. गोळ्या आता बंद करायच्या, असे आदल्याच दिवशी ठरले होते. नवरा गोपीचंद बैलांना पाणी दाखवायला तलावावर गेला होता. सासू शकुनबाई अंगणात शेण कालवत होती. सत्यवतीने बाटली होती तशी ठेवली, पेटीला कुलूप लावले आणि ती चुलीशी जाऊन बसली.

घर पवनी तालुक्यातल्या आसगावचे, धान पिकवणारे. घरात माणसे एवढी तीनच. सत्यवती चोवीस वर्षांची, साकोलीकडची, चौथी पास. लग्नाला सहा वर्षे झाली होती आणि मूल नव्हते.

आजार निघाला तो मागच्या दिवाळीनंतर. धान कापताना तिला डाव्या बरगडीखाली दडस लागू लागले. बोटांनी दाबले की विटेसारखे टणक. गावात सगळे म्हणाले, पानथरी आहे, म्हणजे प्लीहा, हिवतापाने वाढते. हिवतापाच्या गोळ्या झाल्या. तोवर पानथरी बेंबीपर्यंत उतरली आणि लुगडे नेसताना आड येऊ लागली. नोव्हेंबरात गोपीचंद तिला भंडाऱ्याला घेऊन गेला. तिथे रक्त तपासणारा जागेश्वर नावाचा माणूस होता. तो काचेवर रक्त घेऊन दुर्बिणीखाली एकेक पेशी मोजायचा. ज्या मापात निरोगी माणसाच्या चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी भरतात, त्याच मापात सत्यवतीच्या दोन लाख दहा हजार भरल्या. त्याने तीनदा मोजल्या. मग चिठ्ठी लिहून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवले.

नागपूरला डॉक्टरांनी तिला तपासले, पोटावर पेनाने पानथरीची रेघ काढली आणि बाईंनी बाहेर बसावे, असे सांगितले. तिला त्यात काही वावगे वाटले नाही. आजार कोणाचाही असो, बोलणे पुरुषाशी व्हायचे. ती बाकावर बसली आणि भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटे गेलेली तिने पाहिली.

त्या वीस मिनिटांत आत काय बोलणे झाले, ते तिला जून महिन्यात कळले. ते असे होते. हा रक्ताचा कॅन्सर आहे, सावकाश चालणारा. रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होते, आणि तिथेच पांढऱ्या पेशी भरमसाट निघत आहेत. गोळीचे नाव बुसल्फान. पेशीच्या गाभ्यात जो धागा असतो, त्याला ही गोळी गाठ मारते. मग पेशीला दुभंगून एकाच्या दोन होता येत नाही. गोपीचंद धान लावणारा आहे हे पाहून डॉक्टरांनी पुढचे त्याच्या भाषेत सांगितले. आपण आधी पऱ्हे टाकतो, रोप वाढले की उपटून बांधीत रोवतो. ही गोळी बांधीतल्या धानाला हात लावत नाही, ती पऱ्ह्यातले रोप मारते. बांधीतले धान आहे तसे उभेच दिसते. पुढे रोवायला रोप नाही, हे नंतर कळते. म्हणून आज गिळलेल्या गोळीचा परिणाम चार-सहा आठवडे चालत राहतो. आकडा वीस हजारांवर आला की गोळी बंद करायची. तिथून तो आपोआप दहाच्या आत उतरेल. दहाची वाट पाहत गोळ्या चालू ठेवल्या तर सगळे पऱ्हे मरेल, चांगलेसुद्धा, आणि मग काय उगवेल ते सांगता येत नाही.

याच बोलण्यात आणखी दोन गोष्टी होत्या. गोळीने कातडी काळवंडते, पाळी थांबते; मूल बहुधा होणार नाही. आणि गोळीने आजार दबतो, जात नाही. तीन वर्षे, चार वर्षे, कोणाची थोडी जास्त.

परतीच्या एसटीत सत्यवतीने विचारले, काय म्हणाले. गोपीचंद म्हणाला, रोज दोन गोळ्या, आणि आकडा वीस हजारांवर आला की बंद. तिने भंडाऱ्याच्या तपासणीच्या कागदावर बोट ठेवले. अकरा हजार छापले आहे, मग वीसवर का बंद?

"सांगतलं तसं कराचं," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

तो कोरडा माणूस नव्हता. पण पऱ्ह्याची गोष्ट काढली की तिच्या मागोमाग मुलाची गोष्ट निघणार, आणि ती एकदा घरात शिरली की आई दुसरी सून आणल्याशिवाय राहणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होते. बायकोला वाचवायचे तर तोंड बंद ठेवायचे, असा त्याने मनाशी निश्चय केला. तो त्याने सहा महिने पाळला.

गोळ्यांनी काम सुरू केले. पहिले पंधरा दिवस आकडा हलला नाही. डिसेंबरअखेर एक लाख चाळीस हजार. जानेवारीअखेर सत्तर हजार. पानथरी ओसरली, भूक परतली, सत्यवती पुन्हा दोन घागरी पाणी आणू लागली. जानेवारीतच पाळी थांबली. दोन आठवडे तिने मनात काही वेगळेच धरले. मग ते सोडून दिले आणि रक्त ठिकाणावर आले की पाळीही येईल, अशी समजूत करून घेतली. कपाळ, मान, हाताचे सांधे काळे पडत गेले. ऊन लागल्यासारखे नव्हे. आतून धूर बसल्यासारखे.

होळीला शकुनबाईचा भाऊ भय्याजी आला. आंधळगावला त्याचा कोशाच्या कापडाचा व्यापार. आकडे वाचण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. जेवताना शकुनबाईने सुनेकडे मान वळवली.

"पाय भाऊ, हे तोंड. गंजाचं बूड तरी राखेनं घासलं का निघते. हे कोन्या राखेनं निघनार हाये?"

भय्याजी हसला नाही, पण थांबलाही नाही. आंधळगावची एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची. बाप सोडून कोणी नाही, देणेघेणे नाही, बिजवर चालेल म्हणतात. शेजारच्या दोन घरी अशा दोन-दोन बायका नांदत आहेत, पोलीस काही विचारायला येत नाहीत. गोपीचंद ताटावरून उठू लागला, तेव्हा शकुनबाईने त्याला बसवले.

"मी काई राक्षसीन नाही. अकतीपर्यंत वाट पाहीन. भाऊ, तो कागद वाच. त्याच्यावर जो आकडा छापला हाये, त्याच्यात हिचा आकडा आला तं मी आंधळगावचं नाव काढनार नाही. नाही आला तं मंग मले कोनी बोलाचं नाही."

अकती म्हणजे अक्षय तृतीया. गडी-माणसांचे वर्षाचे बोलणे त्या दिवशी ठरते, सोयरिकीही ठरतात. यंदा ती २९ एप्रिलला होती. भय्याजीने कागद वाचला आणि चार ते अकरा हजार, असे मोठ्याने सांगितले. सत्यवती वाढत होती. तिने ते ऐकले, आणि भावासमोर दिलेला शब्द सासू मोडत नाही, हेही तिला माहीत होते.

सात दिवसांनी, २० मार्चला, भंडाऱ्याचा आकडा आला: एकोणीस हजार सहाशे. गोपीचंदला आनंद झाला. बंद, तो म्हणाला, आजपासून गोळी बंद.

शकुनबाई सूप ठेवून उभी राहिली. "आजार हाये अन् औषद बंद? म्हंजे डाक्टरनं हात टेकले."

"हात नाही टेकले, माय. असंच रायते ते."

"असंच म्हंजे कसं?"

गोपीचंद उंबऱ्यावर उभा होता. पऱ्हे आणि बांधी, एवढे दोन शब्द पुरले असते. त्या घरात दुसरे काही समजावे लागले नसते. त्याने मान खाजवली आणि बैल सोडायला निघून गेला. आत सत्यवती ऐकत होती. डॉक्टरांनी हात टेकले, हे तिलाही पटले. आजाराने मागे सरकायला सुरुवात केली असताना कोणी औषध बंद करते का? नवऱ्याला वाटेत काही सांगता आले नाही, आईलाही सांगता येत नाही, याचा दुसरा काय अर्थ घ्यायचा?

बाटलीत एकशेवीस गोळ्या होत्या. पुढे आकडा चढला तर लागतील म्हणून गोपीचंदने त्या ठेवल्या होत्या. पेटीची किल्ली सत्यवतीच्या कमरेला असायची. तिने मनात मांडणी केली: चार महिन्यांत एक लाख नव्वद हजार उतरले, आता आठ-नऊ हजार उरले, दिवस चाळीस. जमण्यासारखे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिने सुरुवात केली.

१० एप्रिलला शकुनबाई आंधळगावहून आली. मुलगी पाहून आली होती आणि तसे सांगतही होती: रंग उजळ, दात सरळ, एका दमात मणभर धान कांडते. सत्यवतीने तिला पाय धुवायला पाणी दिले. दुसऱ्या दिवसापासून तिने सकाळी दोन आणि दिवेलागणीला दोन, अशा चार गोळ्या घेतल्या.

२५ एप्रिलला भंडाऱ्यात जागेश्वरने दुर्बिणीवरून डोके वर काढले. सहा हजार दोनशे.

"वयनी," तो म्हणाला, "तुमचं रक्त आता माह्यापेक्षा बरं हाये. मले द्या थोडं."

ती हसली. गोपीचंदही हसला. डॉक्टर म्हणाले तसाच आकडा आपोआप उतरला, असे त्याला वाटले. शंका घेण्यासारखे त्यात काही नव्हते. महिन्याला एकदा नागपूरला दाखवून जा, असे सांगितलेले होते. एवढा चांगला आकडा असताना कशाला, म्हणून तो गेला नाही.

शकुनबाईने शब्द पाळला. कागद भय्याजीकडून वाचून घेतला, मुलीच्या बापाला नाही म्हणून कळवले. अकतीच्या दिवशी तिने सुनेला आपल्या शेजारी जेवायला बसवले आणि तिच्या पोळीवर स्वतःच्या हाताने तूप वाढले. काळं तं काळं, ती म्हणाली, आपल्या घरचं हाये. सत्यवतीच्या लग्नाच्या सहा वर्षांतले ते सर्वांत चांगले जेवण होते. बाटलीत अठरा गोळ्या राहिल्या होत्या. त्यांना तिने पुन्हा हात लावला नाही.

बांधीत धान उभे होते, एवढेच. पऱ्ह्यात काही उरले नव्हते.

मेच्या मध्यावर तिच्या दंडावर निळे डाग दिसू लागले, कुठे आपटल्याचे आठवत नसताना. महिना सरता सरता पोटऱ्यांवर लाल टिपके आले, सुईने टोचून ठेवल्यासारखे बारीक. उन्हाने असेल, असे घरात ठरले. घशात फोड आले, ताप येऊ-जाऊ लागला. २ जूनला, शनिवारी, सकाळी तिने दातून केले आणि थुंकी लाल आली. नऊ वाजेपर्यंत रक्त थांबले नाही. शकुनबाई पितळी गडवा तिच्या तोंडाशी धरून एसटीत बसली. पवनीपर्यंत गडवा दोनदा रिकामा करावा लागला.

जागेश्वरने काच पुसून पुन्हा मोजले. पांढऱ्या पेशी अकराशे. रक्त गोठवणाऱ्या पेशी दीड लाखाच्या वर हव्यात, त्या अकरा हजार. त्याने चिठ्ठीवर तेवढे लिहिले आणि घरी न जाता तसेच नागपूर गाठा, असे सांगितले.

नागपूरच्या वॉर्डात डॉक्टरांनी जुने कागद काढले. गोळी कधी बंद केली? गोपीचंदने २० मार्च सांगितले. डॉक्टर म्हणाले, खोटे बोलू नकोस. गोपीचंदने देवाची शपथ घेतली. सगळी औषधे घेऊन यावे, असा दवाखान्याचा नियम होता, म्हणून त्याने बाटली पिशवीत आणली होती. डॉक्टरांनी ती ट्रेमध्ये उपडी केली आणि बोटाने गोळ्या मोजल्या. अठरा. कागदाप्रमाणे एकशेवीस उरायला हव्या होत्या.

गोपीचंदने ट्रेकडे पाहिले. मग पलंगाकडे.

"मी खाल्ल्या," सत्यवती म्हणाली. बोलताना ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आले आणि शकुनबाईने पदराने ते पुसले.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. नोव्हेंबरात बंद दाराआड सांगितलेले सगळे त्यांनी पुन्हा सांगितले, या वेळी पलंगाशी, तिघांसमोर: पऱ्हे, बांधी, वीस हजार. नवऱ्याने हे तुम्हाला सांगितले नव्हते का, असे विचारून त्याच ओघात ते मुलाचेही बोलले आणि तीन-चार वर्षांचेही. सहा महिने जपलेली गोष्ट दोन मिनिटांत बाहेर पडली. शकुनबाईचा पदर सुनेच्या तोंडाशी होता तो खाली आला.

सत्यवतीने मुलाबद्दल काही विचारले नाही. वर्षांबद्दलही नाही. तिने विचारले:

"साहेब, ह्या नसत्या खाल्ल्या, तं अकतीले आकडा किती आला असता?"

डॉक्टरांना अकती कळली नाही. गोपीचंदने तारीख सांगितली. त्यांनी कागदावरचे आकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"आठ हजार," ते म्हणाले. "फार तर नऊ."

ती छताकडे पाहत राहिली. आठ हजार अकराच्या आत होते. नऊही होते.

पुढचे डॉक्टरांनी व्हरांड्यात सांगितले. हाडांतला मगज जागा करणारे औषध नाही. रक्त चढवायचे, ताप आला की सुया द्यायच्या, वाट पाहायची. काहींचा मगज आठ-दहा आठवड्यांनी पुन्हा काम सुरू करतो. काहींचा करत नाही. कोणाचा कोणता, हे आधी ओळखता येत नाही.

डॉक्टर गेल्यावर शकुनबाई मुलासमोर उभी राहिली.

"लेकरू होनार नाही, हे तुले दिवाळीपासून ठावं होतं?"

गोपीचंदने मान हलवली.

"मंग मले कायले अकती धरू देली? मले तवाच सांगतलं असतं, तं मी तवाच दुसरी आनली असती. हिले गोळ्या खा लागल्या नसत्या. दोघी राहिल्या असत्या घरात."

ती खरे बोलत होती. शकुनबाईने गडवा नळावर धुतला, पिशवीत घातला आणि संध्याकाळच्या गाडीने ती निघाली. आसगावला नव्हे, आंधळगावला.

सत्यवतीची आई धुरपता साकोलीकडून येऊन पलंगाजवळ बसली. गोपीचंदने एक बाटली रक्त दिले. पंधरा दिवस पुरे व्हायच्या आधीच दुसरी द्यायला उभा राहिला; रक्त घेणाऱ्याने त्याला हाकलले, तेव्हा तो दुसऱ्या पाळीच्या माणसाकडे गेला आणि देऊन आला. भय्याजीच्या घरून कोणी आले नाही. १८ जूनला पऱ्हे टाकायला गोपीचंदला गावी जावे लागले. त्या दोन-चार दिवसांत टाकले नाही तर वर्ष जाते. जाताना तो पलंगाशी उभा राहिला आणि म्हणाला, "त्या दिवशी एसटीत सांगाले पायजे होतं."

"काहून नाही सांगतलं?"

"तुले घरातून काढतीन म्हनून."

तिने डोळे मिटले. मग गाडीची वेळ झाली.

२० जूनचा आकडा सातशे. ताप एकशे तीन. तोंडातल्या फोडांमुळे धुरपता तिला भाताची पेज कापसाने पाजत होती.

२५ जूनला गोपीचंदचे पोस्टकार्ड आले. धुरपताला वाचता येत नव्हते, म्हणून सत्यवतीने ते स्वतः वाचले, थांबत थांबत. पऱ्हे चांगले उगवले आहे. पाऊस बरा आहे. आईने आंधळगावच्या मंडळींना ३ जुलैला घर पाहायला बोलावले आहे. मी २८ ला येतो. त्या बोलावण्याला तो काय म्हणाला, हे कार्डात लिहिलेले नव्हते. तिने कार्ड आईकडे दिले आणि पऱ्हे चांगले उगवले, एवढेच सांगितले.

२७ जून, बुधवार, सकाळी साडेदहा वाजता पुन्हा रक्त घेतले. पांढऱ्या पेशी आठशे. धुरपताने नर्सला विचारले, शंभर वाढल्या ना? नर्सने डॉक्टरांकडे बोट दाखवले. डॉक्टर म्हणाले, शंभराचा फरक मोजणाऱ्याच्या हाताचाही असू शकतो. पुढची तपासणी ४ जुलैला ठेवली आहे.